राष्ट्रपती नुसता सह्याजीराव? तसं नाही

राष्ट्रपतीपदाची निवडणूक आली की कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘रबरी शिक्का आहे हो, पंतप्रधान सांगतील तिथे सही.’ अर्धं खरं आहे. राज्यघटनेच्या कलम ७४ नुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, आणि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो सल्ला बंधनकारकच केला. पण दोनच वर्षांत ४४ वी दुरुस्ती आली: सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच पुन्हा आला, तर मानावा लागतो.

‘एकदाच’ म्हणजे किरकोळ, असं वाटेल. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि गुजराल सरकारने तो विषयच सोडून दिला. विधेयकही असंच परत पाठवता येतं. पण २००६ मध्ये कलामांनी लाभाच्या पदाचं (खासदारकी न गमावता काही सरकारी पदं सांभाळू देणारं) विधेयक परत केलं, संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि त्यांना सही करावी लागली.

मला सर्वांत भारी वाटतो तो झैलसिंग यांचा डाव. लोकांची पत्रं उघडण्याचा अधिकार सरकारला देणारं टपाल विधेयक १९८६ मध्ये त्यांच्यापुढे आलं. त्यांनी सही केली नाही, परतही पाठवलं नाही. घटनेत मुदतच लिहिलेली नाही! विधेयक तसंच पडून राहिलं, कायदा कधी झालाच नाही.

अमेरिकेच्या प्रमुखाला आपण ‘राष्ट्राध्यक्ष’ म्हणतो, ते बरंच आहे. तिथे पंतप्रधान नसतोच. सरकार तेच चालवतात.