फड पद्धतीपासून पाणी वापर संस्थांपर्यंत: नाशिकच्या पाणीवाटपाची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवर बंधारे घालून चालणारी फड पद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. ऊस कुठे, भुसार कुठे, हे दरवर्षी फिरते. पाणी पाटकरी, म्हणजे गावाने नेमलेला पाटाचा राखणदार, देणार. खातेदाराने दाऱ्याला, म्हणजे पाटातून शेतात पाणी घेण्याच्या तोंडाला, हात लावायचा नाही. नदीला पाणी कमी असले की एखादा फड कोरडा ठेवत. बऱ्याच जणांची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्याने झळ वाटली जाई. टंचाईत कोणी किती सोसायचे हे टंचाईआधीच ठरलेले असे, ही त्यातली खरी गोम.

इंग्रजी अमदानीत नांदूरमधमेश्वरचे कालवे आणि दारणा धरण आले, स्वातंत्र्यानंतर गंगापूर. मोसम-आरमवर वरच्या अंगाला हरणबारी आणि केळझर ही धरणे झाल्यावर फडांचे वाहते पाणी धरणाच्या सोडणीवर अवलंबून राहिले. कालव्यावर नमुना 7 चा पाणीमागणी अर्ज करायचा आणि पाणीपट्टी पीक व क्षेत्रावर भरायची. किती पाणी उचलले याला हिशेबच नाही. मग मुखाजवळचा शेतकरी रान तुडुंब भरणार आणि टेलवाला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, कोरडा राहणार, हे ओघाने आलेच.

दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर नेमके हेच झाले. 1990 च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, टेलच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था, म्हणजे पाणी एकत्र घेऊन आपसांत वाटणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्था, उभ्या केल्या. संस्थेला पाणी घनमापाने मोजून, आत कोणते पीक घ्यायचे ते शेतकऱ्याने ठरवायचे. 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने हीच चौकट राज्यभर नेली.

हिशेब सोपा आहे. पावसाळा संपला की धरणातला साठा पाहायचा, पिण्याचे आरक्षण आणि बाष्पीभवन वजा करायचे, उरलेल्याची आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, पाडायची. 1 दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी 1000 हेक्टरवर पसरले तर 100 मिमी भरते. निम्मे वाटेत मुरले तर पिकाला 50. फसते ते मोजणीत. चारीच्या, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या छोट्या पाटाच्या, मुखाशी असलेल्या मापकाच्या खालच्या बाजूला गाळ-गवत साचले की पाणी तुंबते, मापकातली पातळी चढते आणि मोजपट्टी प्रत्यक्षापेक्षा जास्त विसर्ग दाखवते. संस्था न मिळालेल्या पाण्याचे पैसे भरते. म्हणून आवर्तनाआधी चारी साफ करणे हे श्रमदानाचे नव्हे, हिशेबाचे काम आहे.

हवामान बदलाने घाव घातला तो तारखांवर. गोदावरीवरच्या वरच्या-खालच्या धरणांच्या समन्यायी वाटपात 15 ऑक्टोबरला खालच्या जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे असते. पाऊस तारीख पाळत नाही. 2019 च्या ऑक्टोबरअखेर अवकाळीने द्राक्षे झोडपली. त्याआधी 2016 च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले आणि त्याच ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला. एकच ठरलेला कार्यक्रम अशा वर्षांना पुरत नाही. चांगले, मध्यम, तुटीचे असे तीन आराखडे हंगामाआधीच मंजूर करून ठेवावे लागतात, आणि तुटीच्या आराखड्यात द्राक्षाच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतरचे आवर्तन आधी राखावे लागते, कारण पुढच्या हंगामात घड देणारी काडी तेव्हाच तयार होते.

अडचण विहिरी आणि शेततळ्यांची आहे. विहिरीतून उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात भरलेले पाणी उन्हात उडते, आणि कुठल्याच संस्थेच्या वहीत त्याची नोंद नसते.