गायरानावरचं अतिक्रमण: अर्ज कुठं अडतो?

माण-खटाव असो की जत-आटपाडी, शेळ्यामेंढ्या जगतात त्या गायरानावर. तिथं कुणी बांध सरकवला, ज्वारी पेरली किंवा पत्र्याचं शेड ठोकलं, तर गावातला कुणीही तक्रार करू शकतो. अर्ज तहसीलदारांना, प्रत ग्रामपंचायतीला, पोच शिक्क्यासह.

'गायरानात अतिक्रमण झाले आहे, कारवाई व्हावी' एवढंच लिहिलं की अर्ज दप्तरी दाखल झालाच म्हणून समजा. गट नंबर, कोणत्या बाजूनं, अंदाजे किती गुंठे, पीक की बांधकाम, हे लिहा. सातबारा आधी बघा. त्यावर वन विभागाचं नाव असेल तर तहसीलदार हात वर करतात. तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) गाव नमुना 1-ई, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीचा उतारा घ्या. नोंद नसेल तर पंचनामा करून ती घ्यावी, हीच अर्जातली पहिली मागणी.

खरं घोडं पेंड खातं मोजणीपाशी. समोरचा म्हणतो, 'हे माझ्याच गटात आहे.' तहसील म्हणतं, 'मोजणी नकाशा आणा.' भूमी अभिलेखवाले विचारतात, 'जमीन तुमची आहे का?' नियमानं दोघंही बरोबर, मरण अर्जदाराचं. म्हणून मोजणीचा अर्ज ग्रामपंचायतीकडूनच जायला हवा आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा. ठरावात गट नंबर आणि मोजणी फीची मंजुरी, दोन्ही लिहून घ्या. नुसता 'सर्वानुमते निषेध' काही कामाचा नाही. गणपूर्तीचं (सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचं) कारण सांगून टाळलं, तर लक्षात ठेवा: मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा पुरतो. तहकूब सभेला तीही अट नाही.

गायरानात पीक असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 नुसार ते काढायचा अधिकार पंचायतीलाच आहे. 'आमच्या हातात नाही' हे ऐकून माघारी येऊ नका.

अतिक्रमण करणारा ग्रामपंचायत सदस्यच निघाला तर त्याच्या अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, याच अधिनियमाच्या कलम 14(1)(ज-3) खाली, वेगळा करा. दोन्ही मागण्या एका कागदावर घातल्या की दोन्ही लोंबकळतात.

तहसीलदारांचा आदेश पटला नाही तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील, 60 दिवसांत. हे दिवस आदेश हातात पडल्यापासून धरतात. प्रत घेताना सहीखाली तारीख घालायला विसरू नका.