‘बॅटरी बसवली’ म्हणजे नेमकं काय बसवलं?

पुण्याच्या सारसबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांत कोणाला तरी हृदयासाठी ‘बॅटरी’ बसवलेली असतेच. डाव्या खांद्याखाली कातडीआड छोटासा उंचवटा, पाकिटात कंपनीचं कार्ड, मोबाईल मुद्दाम उजव्या खिशात. पण पेसमेकर (ठोके देणारा) की आयसीडी (शॉक देणारा) असं विचारलं की घरचेसुद्धा एकमेकांकडे बघतात.

तसा शब्द चुकीचा नाहीये. १९५८ मध्ये स्टॉकहोमला पहिला पेसमेकर शरीराच्या आत बसवला, तो काही तासांतच बंद पडला (पेशंट मात्र एकामागून एक वीसहून जास्त मशिनं वापरत २००१ पर्यंत जगला). पुढे बरीच वर्षं गाडं अडलं ते सेलवरच, पारा-जस्ताचे सेल दोनेक वर्षांत संपायचे, म्हणून १९७० मध्ये पॅरिसला प्लुटोनियमवर चालणारासुद्धा बसवून झाला. मग लिथियम-आयोडिन सेल आला, टायटॅनियमची डबी पूर्ण सीलबंद झाली आणि घोळ इथे सुरू झाला. सीलबंद म्हणजे नुसता सेल काढताच येत नाही, अख्खी डबी बदलतात, डबीतून हृदयात गेलेल्या वायरी ठीक असतील तर त्याच ठेवतात. डॉक्टर समजायला सोपं म्हणून ‘बॅटरी बदलू’ म्हणतात आणि एस्टिमेट हातात पडलं की नातेवाईक, अहो नुसत्या सेलचे एवढे?

दुसरा घोळ त्याहून मोठा. पेसमेकर मंद पडलेल्या हृदयाला ढोसतो. आयसीडी तेही करू शकतो, पण त्याचं खरं काम म्हणजे हृदय जीवघेण्या वेगाने फडफडायला लागलं की आतूनच शॉक देणं. ही कल्पना ज्या डॉक्टरची, त्याचे वरिष्ठ १९६६ मध्ये अशाच बिघाडाने गेले होते. त्याने लहान यंत्र बनवायला घेतलं तर १९७२ मध्ये विरोध कोणी करावा, तर छातीवरून द्यायच्या डीसी शॉकचं मशीन ज्यांनी आणलं त्यांनीच! त्यांचं म्हणणं, हा अर्धवट उपाय आहे आणि तो वापरायचा कुठे हेच अजून शोधतायत. तरी १९८० मध्ये बाल्टिमोरला पहिलं यंत्र माणसात बसलं, पाव किलोच्या आसपास वजन, छाती उघडून आणि पोटात जागा करून.

माझ्या मते विरोधक तेव्हा चुकले, पण त्यांचा प्रश्न संपलेला नाही. २००० नंतरच्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की पंपिंग खूप कमी असलेल्यांना आधीच यंत्र बसवलं तर मृत्यू कमी होतात. त्यामुळे आज इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ‘ईएफ ३०’ (ईएफ म्हणजे पंपिंगचा टक्का) लिहून आलेल्या, तोवर एकदाही चक्कर न आलेल्या माणसाला, औषधं काही महिने देऊनही आकडा वाढला नाही तर आयसीडी सुचवतात. त्यातल्या बऱ्याच जणांना कधीच शॉक लागत नाही, काहींना नको तेव्हा लागतो, आणि तो छातीत लाथ बसल्यासारखा असतो म्हणे.

आता तर वायरीशिवायचे, थेट हृदयाच्या आतच बसणारे कॅप्सूलएवढे पेसमेकर आलेत, उंचवटासुद्धा दिसत नाही. तरी नाव बॅटरीच.

फरक कुठे नडतो? वर चुंबक धरला तर पेसमेकर सहसा ठरावीक वेगाने ठोके द्यायला लागतो, आयसीडी शॉक द्यायचाच थांबतो. नव्या फोनमध्येही चुंबक असतात, म्हणून तो वीतभर लांब ठेवायचा. आणि वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीत नेण्याआधी डबी काढावीच लागते, आत फुटते. पण आयसीडी असेल तर आधी तो प्रोग्रॅमरने (बाहेरून सेटिंग बदलायच्या मशीनने) बंद करायचा, नाहीतर काढणाऱ्यालाच शॉक.