मित्रांसोबत हिवाळ्यात गाडीने इटली: व्हिसा, आयडीपी आणि गाडीचे कागद कसे जमवायचे

डिसेंबरच्या सुट्टीत चार-पाच मित्रांनी मिलानला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि वेरोना, बोलोन्या, फ्लोरेन्स, सिएना करत रोमला पोचायचं, असा बेत हल्ली मुंबई-पुण्याच्या बऱ्याच ग्रुपमध्ये शिजतो. ट्रेनने फिरणाऱ्याचं काम व्हिसावर भागतं. गाडीने फिरणाऱ्याला मात्र पासपोर्ट, व्हिसा, लायसन्स, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना (आयडीपी), क्रेडिट कार्ड आणि गाडीचं बुकिंग अशी लांब साखळी जुळवावी लागते. ती तुटते ती बहुतेक वेळा पैशांमुळे नाही, नाव आणि तारखा जुळत नाहीत म्हणून. म्हणून पुढचं सगळं वाचताना प्रत्येक कागदावर तेच नाव आणि त्याच तारखा आहेत ना, हे डोक्यात ठेवा.

सुरुवात पासपोर्टपासून. तो गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा हवा आणि त्यात निदान २ पानं कोरी हवीत. हे पाचही जणांचं तपासून मगच पुढे जा. एकाचा पासपोर्ट फेब्रुवारीत संपत असेल तर नाताळच्या ट्रिपसाठी तो आधी नूतनीकरणाला टाकावा लागेल, आणि बाकीच्यांची तयारी त्याच्यासाठी अडेल.

व्हिसा: अर्ज वेगळे, बेत एकच

भारतीय पासपोर्टवर फिरायला जाण्यासाठी शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, 'सी' प्रकारचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण जास्त चौकशी करायची ठरली तर ४५ दिवसही लागू शकतात. त्यामुळे नाताळला निघायचं असेल तर सप्टेंबर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला अर्ज टाकलेला बरा. दिवाळी उरकल्यावर अपॉइंटमेंट शोधायला बसू नका.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांचे अर्ज मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडे जातात. ते स्वीकारण्याचं काम व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रात होतं. व्हिसाची फी ११ जून २०२४ पासून मोठ्यांसाठी ९० युरो आहे आणि ६ वर्षांपासून १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ४५ युरो. केंद्राचा सेवा आकार वेगळा. फी रुपयांत भरायची असते आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी ठसे दिले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. तसं असेल तर अर्जात जुन्या व्हिसाचा उल्लेख करायला विसरू नका.

वाटेत स्वित्झर्लंड किंवा फ्रान्स जोडायचा विचार असेल तर नियम असा: ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखेच असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार, त्याच्याकडे. इटलीत ९ आणि स्वित्झर्लंडमध्ये ३ रात्री असतील तर विमान झुरिकला उतरलं तरी अर्ज इटलीकडेच.

अर्ज प्रत्येकाने स्वतंत्र करायचा असतो. कुणा एकाची फाइल भक्कम आहे म्हणून दुसऱ्याचं भागत नाही. पण बेत मात्र एकच असतो, आणि घोटाळे इथेच होतात. एकाने हॉटेल एका नावावर बुक केलेलं असतं. बाकी चौघांच्या फाइलमध्ये तेच बुकिंग जातं, पण त्यावर त्यांची नावंच नसतात. हॉटेलला मेल टाकून पाचही जणांची नावं बुकिंगच्या कागदावर घालून घ्या. कव्हर लेटरमध्ये सोबत कोण कोण आहे, त्यांचे पासपोर्ट क्रमांक आणि कोणती रात्र कोणत्या गावात, हे सगळ्यांनी सारखंच लिहा. एकाच्या पत्रात बोलोन्यात दोन रात्री आणि दुसऱ्याच्या पत्रात एकच, असं झालं तर तपासणाऱ्याने कुणावर विश्वास ठेवायचा?

शहरातून शहरात कसे जाणार, हेही दाखवावं लागतं. ट्रेनवाले तिकिटं जोडतात, तुम्ही गाडीचं बुकिंग जोडायचं. ज्याच्या नावावर गाडी आहे त्याचं लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना यांची प्रत बाकीच्यांनीही आपल्या फाइलला लावावी. रद्द करता येणारंच बुकिंग घ्या, पण खरं घ्या. कुठून तरी खोटं तिकीट बनवून लावण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. पडताळणीत ते निघालं तर पुढचे व्हिसाही अडचणीत येतात.

विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च भरणारा हवा. निघायच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंत एकही दिवस सुटता कामा नये.

उत्पन्नाच्या कागदांत नोकरदारांनी पगाराच्या स्लिपा, कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र, आयकर विवरणपत्रं आणि बँकेच्या सही-शिक्क्याचं स्टेटमेंट द्यावं. दुकान किंवा धंदा असेल तर गुमास्ता, उद्यम किंवा जीएसटी नोंदणी जोडा. विद्यार्थ्याने कॉलेजचं बोनाफाइड आणि खर्च करणाऱ्या पालकांचे कागद लावावेत. घरची शेती असेल आणि सातबारा जोडायचा असेल तर इंग्रजी भाषांतरासह जोडा, मराठी उतारा तिथे कुणाला वाचता येणार नाही.

खात्यात किती पैसे हवेत, हा प्रश्न प्रत्येक ग्रुपमध्ये येतो. इटलीच्या गृहमंत्रालयाने १ मार्च २००० च्या निर्देशात किमान रक्कम ठरवून दिली आहे, आणि त्यात एकट्या प्रवाशाचा दर वेगळा, दोन किंवा अधिक जणांचा वेगळा आहे. ११ ते २० दिवसांसाठी एकट्याला ठोक ५१.६४ युरो अधिक रोजचे ३६.६७ युरो. दोघं किंवा जास्त असतील तर प्रत्येकी २५.८२ युरो अधिक रोजचे २२.२१ युरो. म्हणजे १२ दिवसांच्या ट्रिपला ग्रुपमधल्या प्रत्येकाचे २९२.३४ युरो होतात. ही अगदी तळाची रेषा आहे, तेवढ्यावर फाइल टाकू नका. खात्यात गाडी, पेट्रोल, टोल आणि हॉटेलचा तुमचा वाटा आरामात निघेल इतकी शिल्लक दिसली पाहिजे, आणि ती महिन्यामहिन्याने साठलेली दिसली पाहिजे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मित्राने अचानक टाकलेले दोन लाख स्टेटमेंटमध्ये लगेच डोळ्यांत भरतात.

व्हिसा हातात आल्यावर स्टिकर नीट वाचा. 'पासून-पर्यंत' या तारखा वेगळ्या आणि राहण्याचे दिवस वेगळे. तारखांची खिडकी मोठी असली तरी दिवसांच्या रकान्यात १२ लिहिलं असेल तर तेराव्या दिवशी तुम्ही तिथे नसायला हवं. मागच्या ३ वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी ठरलेल्या नियमाप्रमाणे २ वर्षांचा, अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो.

आयडीपी आणि नावाचा प्रश्न

इटलीत भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे आयडीपी लागतो. तो १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली दिला जातो आणि आपल्या आरटीओतूनच मिळतो. परदेशात गेल्यावर कुणी वेबसाइटवर विकत असलेला 'परवाना' घेऊ नका, तो कायदेशीर नसतो.

अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर नमुना ४-अ मध्ये करायचा. फी १,००० रुपये. मूळ लायसन्स, पासपोर्ट, फोटो आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. ७ जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र आणि व्हिसाची अट काढली गेली, म्हणजे व्हिसा यायची वाट न बघता आयडीपी काढता येतो. तरीही प्रवासाच्या तिकिटाची प्रत जवळ असू द्या, विचारली तर खेटा वाचतो. आयडीपी १ वर्ष किंवा लायसन्सची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल तोवर चालतो. तुमचं लायसन्स अजून जुन्या पुस्तकाच्या रूपात असेल तर सारथीवर त्याची नोंद आहे का, हे सगळ्यांत आधी बघा. नसेल तर तिथेच वेळ जाईल.

आता नाव. आपल्याकडे लायसन्सवर 'सचिन आर. जाधव' आणि पासपोर्टवर 'सचिन रमेश जाधव' हे सर्रास असतं. लग्नानंतर पासपोर्टवर नवं आडनाव आणि लायसन्सवर माहेरचं, हे त्याहून सर्रास. आपल्याला त्यात काही वाटत नाही, कारण आपण नाव ऐकून माणूस ओळखतो. गाडी देणाऱ्या काउंटरवरचा माणूस अक्षरं जुळवतो. लायसन्सवरचं नाव आयडीपी काढायच्या आधीच दुरुस्त करून घ्या, कारण आयडीपीवर तेच उतरतं.

मोबाइलवरचं डिजीलॉकरचं लायसन्स तिथे दाखवून उपयोग नाही. मूळ कार्ड आणि छापील आयडीपी, दोन्ही लागतात. आणि कृपा करून एकाचा नाही, दोघांचा आयडीपी काढा. डिसेंबरात मिलानला पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, पो नदीच्या खोऱ्यात धुकं इतकं दाट उतरतं की पुढच्या गाडीचे लाल दिवेच काय ते दिसतात. एकट्याने रोज चालवणं थकवणारं आहे.

गाडी घेताना

गाडी ज्याच्या नावावर, क्रेडिट कार्डही त्याच्याच नावाचं. आमच्या ग्रुपमध्ये हे नेमकं चुकलं. बुकिंग एका मित्राच्या नावावर होतं, लायसन्स आणि आयडीपी ठीक, पण काउंटरवर त्याने पुढे केलं ते बायकोच्या नावाचं कार्ड. अनामत रक्कम त्यावर रोखून धरायला त्यांनी साफ नकार दिला. दुसऱ्याकडे आयडीपी आणि स्वतःच्या नावाचं कार्ड होतं म्हणून गाडी मिळाली, पण नव्याने आणि काउंटरच्या महागड्या दराने. पाच जण बॅगा घेऊन पाऊण तास उभे होते.

लायसन्स किमान १ वर्ष जुनं असावं लागतं, आणि चालक २५ वर्षांखालचा असेल तर बहुतेक ठिकाणी जादा आकार पडतो. दुसरा चालक करारात नावानिशी लिहून घ्या. करारात नसलेल्याने चालवलं आणि धडक झाली तर विमा हात वर करतो. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच मागा, तिथे गिअरची गाडी हीच नेहमीची. मिलानला घेऊन रोमला सोडायची असेल तर वेगळा आकार लागतो, तो आधीच विचारा.

हिवाळ्यासाठी सर्वांत महत्त्वाचं: १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात जिथे तसा फलक लावलेला असेल त्या रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा गाडीत बर्फाच्या साखळ्या असणं सक्तीचं आहे. बोलोन्या ते फ्लोरेन्स हा ए-१ महामार्गाचा पट्टा अपेनाइन डोंगरातून जातो, तिथे हा फलक हमखास भेटतो. 'प्नेउमातिची इन्वेर्नाली' किंवा 'कातेने आ बोर्दो' हे शब्द वाचता यायला हवेत: हिवाळी टायर, आणि गाडीत साखळ्या. भाड्याच्या गाडीत यातलं काय आहे, हे चावी घेण्याआधी विचारा आणि डिकी उघडून साखळ्या डोळ्यांनी बघा. त्रिकोण आणि चमकणारं जाकीटही तिथेच असतं. बंद पडलेल्या गाडीतून रात्री रस्त्यावर उतरायचं तर ते जाकीट घालूनच.

वाहतूक उजवीकडून. महामार्गावर १३० चा वेग, पाऊस-बर्फ असेल तर ११०, गावात ५०. टोलनाक्यावर पिवळी मार्गिका टेलिपासवाल्यांची, म्हणजे आपल्या फास्टॅगसारखी सोय असणाऱ्यांची, तिच्यात शिरू नका. पांढरी रोखीची, निळी कार्डची. आत जाताना घेतलेलं तिकीट बाहेर पडेपर्यंत सांभाळा.

झेडटीएल

फ्लोरेन्स, सिएना, बोलोन्या, रोम, पीसा या सगळ्यांच्या जुन्या भागात मर्यादित वाहतूक क्षेत्र (झेडटीएल) असतं, तिथे परवानगीशिवाय गाडी नेली तर दंड होतो. लाल वर्तुळाच्या फलकाखाली 'झोना आ ट्राफिको लिमितातो' लिहिलेलं असतं, आणि शेजारच्या दिव्याच्या पाटीवर 'वार्को आत्तीवो' दिसलं तर कॅमेरा चालू आहे असं समजा. 'नॉन आत्तीवो' असेल तर बंद. नकाशाचं ॲप तुम्हाला सरळ आत नेईल, त्यावर भरवसा ठेवू नका. हॉटेल आत असेल तर पोचण्याआधी गाडीचा नंबर हॉटेलला मेल करा. बहुतेक हॉटेलं तो नोंदवून देतात आणि सामान उतरवण्यापुरतं आत जाता येतं. त्यांचं उत्तर आलेलं मेल जपून ठेवा. मिलानच्या मध्यभागातल्या एरिया-सी या क्षेत्रात सोमवार ते शुक्रवार सकाळी ७.३० ते संध्याकाळी ७.३० शिरायला ७.५० युरो भरावे लागतात. व्हेनिसला तर गाडी जातच नाही. मेस्त्रे, त्रोन्केत्तो किंवा पियात्साले रोमा इथल्या पार्किंगमध्ये ठेवायची.

पोचल्यावर

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर पासपोर्टवर शिक्क्याऐवजी फोटो आणि ठसे घेऊन संगणकात नोंद करायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे पहिल्या विमानतळावर वेळ हाताशी ठेवा. विमान फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे असेल तर शेंगेनमध्ये प्रवेश तिथेच होतो. मग इटलीत पोचल्यापासून ८ दिवसांत आपण आलो असल्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते. हॉटेलात उतरलात तर पासपोर्ट घेऊन हॉटेलच ती करतं, त्याची प्रत मागून घ्या. ओळखीच्यांच्या घरी उतरलात तर स्वतः करा.

२५ आणि २६ डिसेंबर, १ आणि ६ जानेवारी या सुट्ट्या आहेत. या दिवसांत गाडी घ्यायची किंवा परत करायची असेल तर काउंटर उघडं आहे का, ते लेखी विचारून घ्या. परत करताना टाकी आणि चारही बाजूंचे फोटो काढा. करार, टोलच्या पावत्या आणि हॉटेलांची मेल एका लिफाफ्यात घालून वर्षभर फेकू नका. परदेशात राहणाऱ्याला दंडाची नोटीस पाठवायला इटलीच्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे, आणि ती आधी गाडीच्या कंपनीकडून तुमच्या कार्डावर पडणाऱ्या प्रशासकीय आकाराच्या रूपाने कळते, खरी नोटीस पुढे कधीतरी घरी येते.