फ्लोटिंग ब्रिजची गिटार घरी नेण्यापूर्वी वाचा

तुमची गिटार आम्ही सेट करून, सुरात लावून देत आहोत. ती तशीच राहावी आणि दर वेळी तारा बदलायला तुम्हाला दुकानापर्यंत हेलपाटा पडू नये, म्हणून हे पत्रक. घरी गेल्यावर सावकाश वाचा आणि गिटारच्या बॅगेतच ठेवा.

नाशिकच्या कॉलेज रोडवरचा विद्यार्थी असो की देवळालीहून येणारा ऑर्केस्ट्रातला वादक, आमच्याकडे तक्रार बहुधा एकच येते: "एक तार सुरात आणली की बाकीच्या पाच बिघडतात. ब्रिज खराब झालाय का?" ब्रिज, म्हणजे गिटारच्या धडावर तारांचं टोक धरणारा भाग, खराब झालेला नसतो. त्याचा स्वभावच तसा आहे, आणि तो समजला की पुढचं सगळं सोपं जातं.

ब्रिज तरंगतो म्हणजे काय होतं

साध्या गिटारचा ब्रिज लाकडावर पक्का बसवलेला असतो. फ्लोटिंग ब्रिज दोन स्टडवर (लाकडात बसवलेल्या ठेंगण्या खांबांवर) फक्त आपल्या धारेने टेकलेला असतो. पुढून त्याला सहा तारा ओढतात. गिटारच्या मागचं झाकण उघडलंत तर आत स्प्रिंगा दिसतील, त्या त्याला उलट दिशेने ओढतात. तराजूची दोन पारडी समोरासमोर यावीत तसे हे दोन ताण समान झाले की ब्रिज मधोमध थांबतो. बार (ब्रिजला जोडलेला दांडा) दाबला की सूर खाली जातो, वर ओढला की चढतो, आणि हात सोडला की ब्रिज पुन्हा त्याच जागी येतो.

हा ताण थोडाथोडका नाही. 648 मिलिमीटर लांबीच्या स्केलवर (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी), नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, नऊच्या सेटच्या (सर्वांत बारीक तार 0.009 इंच जाड) सहा तारा मिळून सुमारे 38 किलोने ओढतात आणि दहाच्या सेटच्या सुमारे 47 किलोने. म्हणजे नऊच्या जागी दहाचा सेट टाकला की तारांच्या बाजूने आठ-नऊ किलो वाढतात आणि ब्रिज पुढे झुकतो. म्हणूनच आमचा आग्रह आहे की तारांचा एकच नंबर आणि एकच ट्यूनिंग ठरवा, आणि त्यालाच धरून राहा. गिटार देताना सोबत एक चिठ्ठी देतो, तिच्यावर तारांचा सेट, ट्यूनिंग आणि तारांची उंची लिहिलेली असते. नवा सेट घेताना ती चिठ्ठी बघूनच घ्या.

या समतोलामुळे तीन गोष्टी नेहमी घडणार. एक तार चढवली की ब्रिज किंचित पुढे येतो आणि उरलेल्या तारा उतरतात. एक तार तुटली की स्प्रिंगांचा जोर जास्त होतो, ब्रिज मागे बसतो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. एका तारेवर बेंड घेतलं (तार बोटाने बाजूला ओढून सूर चढवला) की तेवढ्यापुरत्या बाकीच्या तारा थोड्या उतरतात. हा दोष समजून स्क्रू पिळायला घेऊ नका.

दोन्ही टोकांना कुलूप

फेंडर कंपनीने 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणली, तेव्हापासून स्प्रिंगांवर हलणारा ब्रिज गिटारवादकांच्या परिचयाचा झाला. पण बार जोरात दाबला की तारा नटमध्ये (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीत) आणि खुंट्यांवर सरकायच्या आणि सूर परत जागेवर यायचा नाही. फ्लॉइड रोझ या अमेरिकन वादकाने तार नटपाशी आणि ब्रिजपाशी, दोन्हीकडे आवळून धरायची रचना केली. तिचं पेटंट 1979 चं आहे. तुमच्या गिटारच्या नटवर तीन चौकोनी ठोकळे आणि त्यांत स्क्रू असतील तर तुमचीही रचना तीच.

नटचे स्क्रू आवळले की खुंट्यांचं काम संपलं. त्यानंतर खुंटी फिरवली तर नट आणि खुंटी यांच्यामधला तुकडा तेवढा ताणला जातो, सूर हलत नाही. आवळल्यानंतर सूर फक्त ब्रिजवरच्या फाइन ट्यूनरने (बारीक फरक काढणाऱ्या छोट्या स्क्रूने) लावायचा.

तारा बदलताना

एका वेळी एकच तार काढा. सहाही तारा एकदम काढल्या तर स्प्रिंगा ब्रिजला मागच्या खोबणीत ओढतात आणि समतोल पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागतो. फिंगरबोर्ड साफ करायचा म्हणून सगळ्या काढायच्याच असतील, तर आधी ब्रिजच्या मागच्या टोकाखाली बरोबर बसेल अशी लाकडाची पाचर किंवा जाड घडी केलेलं कापड सरकवा. मगच तारा सोडा.

ज्या ब्रिजमध्ये तार सॅडलमध्ये (ब्रिजवर ती तार टेकते त्या छोट्या भागात) आवळतात, त्यात तारेच्या टोकाचा गोळा कटरने कापायचा. टोक सॅडलच्या फटीत सरळ खालपर्यंत जाऊ द्या आणि मागचा स्क्रू 3 मिलिमीटरच्या एलन कीने आवळा. आखूड बाजूने धरून दोन बोटांचा जोर पुरतो. त्याहून जास्त आवळलं की आतला लहान ठोकळा फुटतो किंवा स्क्रूचे आटे जातात, आणि तार त्याच दिवशी निसटते.

खुंटीवर दोन-तीन वेढे घ्या. नट उघडाच ठेवा. सगळे फाइन ट्यूनर मधोमध आणा, म्हणजे नंतर दोन्हीकडे फिरवायला जागा राहते. हे बरेच जण विसरतात आणि नट आवळल्यावर फाइन ट्यूनर एका टोकाला अडकलेला सापडतो. मग पुन्हा सगळं उघडावं लागतं.

आता तारा सुरात आणा: ई, ए, डी, जी, बी, ई. पहिल्या फेरीत सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार बरोबर लागेल आणि पहिलीपर्यंत पोचेपर्यंत ती उतरलेली असेल. हे होणारच. पुन्हा सहावीपासून सुरुवात करा. प्रत्येक फेरीत फरक कमी होत जातो, चार-पाच फेऱ्यांत सगळ्या जागेवर येतात. मध्येच प्रत्येक तार बोटांनी धरून हळूच वर ओढा, नव्या तारेतला सैलपणा निघू द्या आणि परत लावा. तार ओढूनही उतरेनाशी होत नाही तोवर नटला हात लावू नका. घाईने आवळलेला नट हेच दोन दिवसांत बेसूर होणाऱ्या गिटारचं सर्वांत नेहमीचं कारण आहे.

ब्रिज सपाट आहे का ते बघा

सगळ्या तारा सुरात असताना गिटार डोळ्यांच्या उंचीवर आडवी धरा आणि बाजूने बघा. ब्रिजची खालची पट्टी लाकडाला समांतर दिसली पाहिजे.

मागचं टोक वर उचललेलं असेल तर तारांचा जोर जास्त आहे. मागच्या पोकळीत स्प्रिंगांचा पंजा लाकडात धरून ठेवणारे दोन लांब स्क्रू आहेत, ते अर्धा-अर्धा आटा आवळा. दोन्ही सारखेच. टोक खाली दबलेलं असेल तर तेवढेच सैल करा. त्यानंतर तारा पुन्हा सुरात आणा आणि पुन्हा बघा. स्क्रू फिरवून लगेच निर्णय घेऊ नका, कारण सूर जागेवर आल्याशिवाय ब्रिजची खरी स्थिती कळत नाही. स्क्रू बराच आत गेला आणि तरी ब्रिज पुढेच झुकलेला असेल तर एक स्प्रिंग वाढवावी लागेल. बहुतेक गिटारमध्ये तीन असतात, जागा पाचांची असते.

सगळंच नव्याने जुळवायचं असेल, उदाहरणार्थ तारांचा नंबर बदलला असेल, तर पाचरीची पद्धत वेळ वाचवते. पाचर ब्रिजच्या मागच्या टोकाखाली ठेवून ब्रिज सपाट करा आणि पंज्याचे स्क्रू जरा जास्तच आवळा. ब्रिज पाचरीवर दाबून बसला की साध्या गिटारसारखा स्थिर होतो, म्हणून एक तार लावताना दुसरी हलत नाही. सहा तारा निवांत सुरात आणा. मग स्क्रू हळूहळू सैल करत जा. पाचर अलगद सुटली की समतोल साधला. आम्हीही दुकानात असंच करतो.

यानंतर नट आवळा. आवळताना सूर अगदी किंचित हलतो, तो फाइन ट्यूनरने दुरुस्त होतो. खूपच चढत असेल तर नटच्या मागची आडवी पट्टी थोडी खाली घ्यावी लागते, म्हणजे आवळण्याआधीच तार नटवर सपाट बसते.

उंची आणि बाराव्या फ्रेटचा सूर

बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर) जाड ई तार सुमारे 2 मिलिमीटर आणि बारीक ई सुमारे 1.5 मिलिमीटर उंच, अशी आमची सुरुवातीची मापं आहेत. त्यापुढे तुमच्या हाताप्रमाणे बदल. स्टडची उंची बदलायची असेल तर आधी तारा सैल करा. पूर्ण ताणात स्टड फिरवला की ब्रिजची धार झिजते. झिजलेल्या धारेचा ब्रिज बार सोडल्यावर कधीच नेमका परत येत नाही, आणि ती घरी दुरुस्त होत नाही.

इंटोनेशनसाठी, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर यावा म्हणून, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट फक्त टेकवून वाजवलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्यायचं, उतरलेला असेल तर पुढे. सॅडलचा स्क्रू बहुधा 2.5 मिलिमीटरच्या कीने उघडतो. त्या तारेचा ताण उतरवल्याशिवाय सॅडल सरकवू नका. काम चिकाटीचं आहे, कारण दर वेळी सहाही तारा पुन्हा लावून बघाव्या लागतात. नको वाटलं तर आमच्याकडे आणा.

ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा वाक ठरवणारी सळई) मात्र स्वतः फिरवू नका.

नाशिकची हवा आणि नाशिकचे कार्यक्रम

मानेचं लाकूड हवेतल्या ओलाव्याने हलतं. पावसाळ्यात मान थोडी वाकते आणि तारा उंच वाटतात. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत उलटं होतं, तारा फ्रेटला घासून खरखरतात. तरंगत्या ब्रिजवर मानेतला हा छोटा बदलही सहाही तारांत ऐकू येतो. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळा लागल्यावर आणि थंडी पडल्यावर, गिटार तपासून घेणं चांगलं. कसारा घाट उतरून मुंबईत कार्यक्रमाला जाणार असाल तर पोचल्यावर गिटार अर्धा तास बॅगेतून बाहेर ठेवा आणि मगच सूर लावा. उन्हात उभ्या बंद गाडीत ती कधीही ठेवू नका.

भावगीतांच्या किंवा सिनेसंगीताच्या कार्यक्रमात गायक ऐनवेळी पट्टी बदलतो. तेव्हा गिटार अर्धा सूर खाली उतरवायचा मोह होईल. या गिटारवर ते जमत नाही, सगळा समतोल ढळतो. कॅपो (मानेवर लावायचा चिमटा) लावा किंवा कॉर्ड बदलून वाजवा. हार्मोनियम जरा चढी असेल तर ट्यूनरवर ए चं माप 440 हर्ट्झवरून तेवढंच वाढवा आणि सहाही तारा फाइन ट्यूनरने मिळवून घ्या. एवढा फरक ब्रिज सहज पेलतो. जाड ई उतरवून डी वर नेणंही इथे नाही, त्याने उरलेल्या तारा चढतात. तुमच्या गाण्यांना ते वारंवार लागत असेल तर आम्हाला सांगा. मागच्या पोकळीत लाकडी ठोकळा बसवून ब्रिज फक्त खाली दबेल असा करून देतो. मग बार वर ओढता येत नाही, पण ट्यूनिंग हवं तसं बदलता येतं, आणि तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतात.

बॅगेत काय असू द्यावं

3 आणि 2.5 मिलिमीटरच्या एलन की, कटर, चिठ्ठीवरच्याच नंबरचा एक पूर्ण सेट आणि वर दोन बारीक ई तारा. शिवाय तुमच्या ब्रिजच्या मापाची लाकडी पाचर, ती आम्ही गिटारसोबत देतोच. कार्यक्रमात तार तुटली तर ही पाचर ब्रिजच्या दबलेल्या टोकाखाली सरकवून तो सपाट करा. उरलेल्या पाच तारा जवळजवळ सुरात येतात, फाइन ट्यूनरने उरलेला फरक काढा आणि बारला हात न लावता गाणं पूर्ण करा.