हाकणारा ब्लेस आणि ओढणारा बर्नीज

स्वित्झर्लंडच्या आपेन्झेल भागात गुरं डोंगरावरच्या कुरणांकडे नेतानाच्या मिरवणुकीत काळा-तांबूस-पांढरा कुत्रा दिसला की आपल्यातला कुणीतरी बोट दाखवून म्हणतोच, "तो बघा बर्नीज!" तो बर्नीज नसतो. तो आपेन्झेलर जातीचा कुत्रा, तिथल्या बोलीत ब्लेस. कपाळावरून नाकापर्यंत उतरणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यामुळे हे नाव पडलं. आपल्याकडे कपाळावर पांढरं असलेल्या बैलाला चांद्या म्हणतात, तसंच.

बर्नीज म्हणजे स्वित्झर्लंडच्याच बर्न भागातला लांब केसांचा, भरदार कुत्रा. ब्लेसचे केस आखूड. नराची उंची ५२ ते ५६ सेंटीमीटर, तर बर्नीज नर ६४ ते ७०. बर्नीजची झुपकेदार शेपटी खाली लोंबते; ब्लेस चालायला लागला की त्याची शेपटी पाठीवर घट्ट वेटोळं घालते. शेपटी पाहिली तरी ओळख पटते. रंगावर मात्र जाऊ नका. काळा, तांबूस आणि पांढरा हा मेळ स्विस गुराख्यांच्या कुत्र्यांच्या चारही जातींत आहे: बर्नीज, आपेन्झेलर, बुटका एंटलेबुखर आणि थोराड ग्रेट स्विस. नुसत्या रंगावरून चौघांनाही बर्नीज म्हणणं मला मनापासून खटकतं, कारण त्यात त्या कुत्र्याचं काम पुसलं जातं.

खरा घोळ कामाचाच आहे. गुरांबरोबर कुत्रा दिसला की आपल्याला राखण आठवते, कारण धनगराच्या कळपाबरोबरचा कुत्रा लांडग्यापासून मेंढरं राखतो. ब्लेस मुख्यतः गुरं हाकतो. तो कळपाच्या मागे असतो आणि पुढे जायला तयार नसलेल्या गाईला चालायला लावतो. समजा, शेवटची गाय कडेच्या गवताला तोंड लावून थांबली. ब्लेस आधी भुंकतो. त्याचं भुंकणं चिरकं असतं, घंटांच्या गजरातूनही ऐकू जाणारं. १८५३ मधल्या एका वर्णनातही या कुत्र्यांच्या तीव्र भुंकण्याचा उल्लेख आहे. गाय तरीही हलली नाही तर तो खाली वाकून मागच्या पायाशी शिरतो, खुराच्या वर, टाचेपाशी दात लावतो आणि तत्क्षणी मागे सरतो. गाईची लाथ त्याच्या डोक्यावरून जाते. तेवढ्यात तो दुसऱ्या बाजूला पोचलेला असतो. सहाशे किलोच्या जनावराच्या लाथेखाली हे करायचं तर अंग हलकं हवं, केस आखूड हवेत आणि माघार घेण्याची वेळ अचूक साधायला हवी. कुत्र्याची सगळी घडण या एका कामातून आली आहे.

बर्नीजची घडण वेगळ्या कामातून आली. बर्नच्या शेतकऱ्यांकडे तो वाड्याची राखण करी आणि दुधाचे कॅन लादलेली छोटी गाडी चीज बनवणाऱ्याकडे ओढून नेई. गरज पडली तर गुरंही हाकायचा, हे खरं. पण त्याचं भरभक्कम अंग ओझ्यासाठी आहे, लाथ चुकवण्यासाठी नाही. दोन्ही जाती टिकल्या त्यात झ्युरिकचे भूवैज्ञानिक आल्बर्ट हाइम यांचा मोठा वाटा. आपेन्झेलरचा क्लब १९०६ मध्ये उभा राहिला, बर्नीजचा १९०७ मध्ये.

आता मिरवणुकीतली ब्लेसची जागा पाहा. आपेन्झेलच्या जुन्या क्रमात सर्वांत पुढे पांढऱ्या शेळ्या आणि त्यांना नेणारी पारंपरिक वेशातली मुलं. मागून पिवळ्या विजारीतला, खांद्यावर लाकडी दुधाची बादली घेतलेला गुराखी, मग मोठ्या घंटा बांधलेल्या तीन गाई आणि त्यांच्यामागे बाकीचा कळप. गुरांचा मालक शेवटाकडे चालतो आणि ब्लेस त्याच्या पायाशी असतो. हाकणाऱ्याची जागा मागेच, ती मिरवणुकीतही बदललेली नाही. स्वित्झर्लंडमधली ही डोंगरचराईची परंपरा २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. माझ्या मते त्या वारशात घंटांइतकाच हा कुत्राही मोजायला हवा.

घरात कुत्रा आणताना हा फरक न ओळखणं फार महागात पडतं. बर्नीजला आपल्याकडचा उन्हाळा सोसत नाही आणि त्याचं आयुष्यही फार नसतं, बऱ्याचदा सात-आठ वर्षं. हे दुःख पत्करायची तयारी हवी. पण बर्नीजची लहान आवृत्ती समजून आपेन्झेलर फ्लॅटमध्ये ठेवणं मला त्याहून वाईट वाटतं. त्याला दिवसभर काम हवं असतं आणि अनोळखी माणसावर तो सहज विश्वास टाकत नाही. काम मिळालं नाही की तो अंगणात धावणाऱ्या पोरांच्या मागे लागतो आणि टाचेपाशी दात लावतो. मग घरचे त्याला चावरा म्हणतात, साखळीला बांधतात, आणि तो दिवसभर त्याच चिरक्या आवाजात भुंकत राहतो.