पाण्याला वास नसतो, मग माशी पत्ता कसा सांगते?

एप्रिल लागला की कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर मी मातीच्या परळात पाणी ठेवते. चिमण्यांसाठी ठेवलेलं, पण येतात सातेरी माश्याच, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाश्या, जास्त. परवा सकाळी एकटीच आली, काठावर बसून पाणी पिऊन गेली. मी चहा घेऊन परत वर आले तोवर दहा-बारा जणी जमलेल्या. उन्हाळ्यात पोळं गार ठेवायला त्यांना पाणी लागतं, हे कळतं. पण फुलाला वास असतो, पाण्याला कुठला?

माशी नाचून सांगते, हे आपण शाळेत शिकलो. नाचाची ही भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश 1973 च्या नोबेलचे मानकरी. पण नाचातून कळते दिशा आणि अंतर, म्हणजे 'रंकाळ्याच्या अंगाला, दहा मिनिटांवर' एवढंच. नेमकी जागा दाखवायला माशी पाण्यापाशीच थांबते. पोट वर उचलते, टोकाची वळी खाली वाकवते, फटीतली ओलसर पट्टी उघडी पडते आणि पंखांच्या वाऱ्यानं वास मागं पसरतो. ही नासोनोव ग्रंथी. फ्रिश यांनी लाखेच्या लेपानं ती बंद केली, तेव्हा नव्या माश्या फारच कमी आल्या. मेलिफेरा या युरोपीय मधमाशीच्या या वासात सात द्रव्यं आहेत. त्यातलं जिरॅनिऑल रोशा गवताच्या तेलात असतं, सिट्राल गवती चहात. माश्या याव्यात म्हणून मधपाळ रिकाम्या पेटीला आतून गवती चहा चोळतात तो याचसाठी.

मला मात्र खरं वेड लावलंय ते डंख नसलेल्या माश्यांनी. जुन्या दगडी भिंतीच्या फटीत राहणाऱ्या आपल्या पोयाच्या माश्या याच गोतातल्या. ब्राझीलमधल्या त्यांच्या भाऊबंदांवर मार्टिन लिंडावर आणि वॉरविक केर या संशोधकांनी 1950 च्या दशकात काम केलं. खाणं सापडलेली माशी परतताना दर काही मीटरवर पानावर, दगडावर उतरते आणि तोंडातल्या स्रावाचा ठिपका लावते. मग ती पुढं, नव्या माश्या मागं. या दोघांनी खाणं तळ्यापलीकडं ठेवलं. पाण्यावर ठिपका लावणार कुठं? नव्या माश्या पोचेनात. तळ्यावरून दोर ताणून त्याला डहाळ्या बांधल्या, तेव्हा डहाळ्यांवर ठिपके पडले आणि ये-जा सुरू झाली!

हा स्राव जबड्याच्या ग्रंथीतला, असं बरीच वर्षं धरून चालले होते. 2004 मध्ये ट्रायगोना रेकर्सा या डंख नसलेल्या माशीत तो ओठाच्या ग्रंथीतला निघाला. त्यातलं मुख्य द्रव्य हेक्सिल डेकॅनोएट, म्हणजे 6 कार्बनचं अल्कोहोल आणि 10 कार्बनचं आम्ल जोडून बनलेलं संयुग, एस्टर. तिच्याच गोतातल्या ट्रायगोना स्पिनिपेसचं ऑक्टिल ऑक्टॅनोएट, 8 आणि 8. बेरीज दोन्हीकडं 16. मधमाशीच्या डंखासोबत सुटणारं आयसोअमाइल ॲसिटेटही एस्टरच, पण 5 आणि 2, म्हणजे 7 कार्बनचं. हलका रेणू झटकन उडतो, धोक्याची हाक क्षणात पसरून विरते. 16 कार्बनचा जड रेणू सावकाश उडतो, म्हणून वाटेवरची खूण टिकते.

ते 7 कार्बनवालं पिकल्या केळ्यासारखं वास मारतं. घराला पोळं लागणं अशुभ म्हणून टेंभा घेऊन चढणारे आमच्या पेठेतही आहेत. पहिला डंख बसला की त्या जागी हा वास लागतो आणि बाकीच्या माश्या तिथंच धावतात. शकुनाचा यात काही संबंध नाही. अशा वेळी हात न झटकता तिथून लांब जावं, आणि पोळं काढायचंच असेल तर जाणत्या मधपाळाला बोलवावं.